भांड्यांची पाच घराणी

“हे कुणाचं?” मी विचारलं.

“पोटाळं,” आत्याबाई म्हणाल्या.

“कुणाचं म्हटलं मी. वहीत नाव काय घालू?”

“नाव मला इचारू नको बाय. नाव त्येच्या काठावर हाय, आन् वाचायला तुला येतंय. मला इचारशील तर पोटाळं हाय. पोटाळ्यांत लिव्ह.”

भैरोबाच्या देवळासमोरच्या फरसबंदीवर चारशे बारा भांडी उन्हात मांडलेली होती, आणि मी मांडीवर लांबलचक वही घेऊन त्यांच्या मधोमध बसले होते. हंडा मी काठाकडून फिरवला. ‘कै. ज्ञानू बाळा साळुंखे यांचे स्मरणार्थ.’ लिहून घेतलं. आत्याबाईंनी तोवर दुसरं भांडं उचललं, बुडावर एक टिचकी मारली आणि म्हणाल्या, “निमुळतं.”

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. लग्नाला चौदा महिने झाले होते. कराडच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली धावरवाडीच्या कुंभारवाड्यातली मी पहिली सून, आणि ही गोष्ट मी गावाला फार दिवस विसरू दिली नव्हती.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, चंपाबाई कुंभार. गाव त्यांना चंपाक्का म्हणायचं. गावभांड्यांची किल्ली एकोणीस वर्षं त्यांच्या कमरेला होती. कुणाच्याही घरी लग्न असो की तेरावं, हजार माणसाचा स्वयंपाक घरच्या भांड्यांत होत नाही. त्यासाठी देवळाच्या ट्रस्टची भांडी, आणि ती काढून देणारी, परत मोजून घेणारी चंपाक्का. त्यामुळं लग्नाचं पहिलं आमंत्रण भैरोबाला आणि दुसरं किल्लीला. किल्लीवालीला खण-नारळ दिल्याशिवाय एक चमचासुद्धा त्या खोलीतून हलायचा नाही. आता यात एक गंमत आहे, ती गावात कुणाच्या ध्यानात आलेली मला दिसली नाही. पूर्वी गावच्या जेवणावळीला मडकी, रांजण, डेरे लागायचे ते आमच्याच घरून जायचे. पितळ आलं, मग जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम आलं, मग स्टील आलं आणि आमचं चाक बसलं. ज्या भांड्यांनी घरचा धंदा बसवला, तीच भांडी ही बाई एकोणीस वर्षं राखेनं घासून, पुसून, सांभाळत होती. मी एकदा तसं म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, “भांड्याचा काय दोष? त्येला कुटं ठावं हाय आपन कशाचं झालोय त्ये.”

त्यांच्या लेखी भांड्याला धातू नव्हता, नाव नव्हतं, किंमत नव्हती. होतं ते फक्त घराणं, आणि घराणी पाच. परात, ताट, झाकणी ही बसकी: उंची नावालाच, आडवी ठेवा, उभी ठेवा, तक्रार नाही. पिंप, डबा, उभ्या भिंतीचं पातेलं ही सरळ: वर जेवढी तेवढीच खाली. बादली, पेला, वाटी, घमेलं ही निमुळती: तोंड मोठं, बूड लहान, त्यामुळं एकमेकांत शहाण्यासारखी बसतात. हंडा, घागर, कळशी ही पोटाळी: तोंड लहान आणि पोट मोठं, आत कुणाला घेत नाहीत आणि बाहेर जागा अडवतात. उरली ती लोळणी: लाटणी, झारे, उलथनी, मुसळ, टेकायला दिलं नाही तर घरभर फिरणारी. माणसांचीही त्या याच पाचांत विभागणी करायच्या. ट्रस्टचे अध्यक्ष रावसाहेब निकम पोटाळ्यांत होते, आणि तेही काही नुसते देहावरून नाही.

पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या नातीच्या पुस्तकात मी वृत्तचिती, शंकू, गोल अशी चित्रं पाहिली आणि ओळख पटली. फक्त पोटाळ्याला त्या पुस्तकात नाव नव्हतं. स्वयंपाकघरातली निम्मी अडचण ज्यानं होते तोच आकार पुस्तकवाल्यांनी वगळला होता.

पण त्या दिवशी माझ्या डोक्यात यातलं काही नव्हतं. माझ्या डोक्यात किल्ली होती.

झालं होतं असं. देवळाचा सभामंडप वाढवायचा म्हणून भांड्यांची जुनी लांबोडी खोली पाडायची ठरली होती आणि मागच्या अंगाला सिमेंटची नवी खोली उभी राहिली होती. बारा फूट बाय दहा फूट, तीन भिंतींना चार-चार फळ्या. यात्रेच्या आठ दिवस आधी रावसाहेबांनी मला ट्रस्टच्या कचेरीत बोलावलं. आत्याबाईंना नाही, मला.

“सूनबाई,” ते म्हणाले, “नवी खोली, नवी व्यवस्था. यात्रेच्या आदल्या दिवशी चार वाजता मुंबई-पुण्याची देणगीदार मंडळी खोली बघायला येणार. प्रत्येकाला आपल्या घराण्याची भांडी एका जागी, नाव समोर, अशी दिसली पाहिजेत. आता तुमच्या सासूबाई कष्टाळू आहेत, त्यात वाद नाही. पण त्यांना अक्षरओळख नाही. तुम्ही मांडणी करा. नीट झाली तर पाहुण्यांसमोर किल्ली तुमच्या हातात देतो.”

मी म्हटलं, “घरी विचारते.”

घरी मी काही विचारलं नाही. आठ दिवसांत एकदाही नाही. आमचे हे कराडला एसटीच्या वर्कशॉपात होते, शनिवारी यायचे. त्यांनाही सांगितलं नाही. आत्याबाईंना मी एवढंच सांगितलं की ट्रस्टला भांडी नावाप्रमाणं लावून हवीत आणि यादी मी करणार आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. विहिरीत घागर सोडण्याआधी बाई जशी पाण्याची खोली बघते, तसं.

“मावायची न्हाईत,” त्या म्हणाल्या.

“मावतील. मी हिशेब केलाय.”

हिशेब मी खरंच केला होता, आणि तो मला फार आवडला होता. तीन भिंती मिळून चौतीस फूट. चार फळ्या म्हणजे एकशे छत्तीस फूट. भांडी चारशे बारा. फुटाला तीन. देणगीदार घराणी सदतीस, प्रत्येकाला सरासरी साडेतीन फूट. मी प्रत्येक घराण्याच्या नावाची पट्टी कापून फळ्यांना चिकटवलीसुद्धा. निकमांची पट्टी दारासमोर, नजरेच्या उंचीला. मला कळत नव्हतं असं नाही.

चूक कुठं होती ते आता शेंबडं पोरही सांगेल. माझ्या वहीत डझनभर वाट्यांचा गठ्ठा हाही एक नग होता आणि पन्नास माणसांचा भात शिजणारा हंडा हाही एक नग. मी सरासरीचं भांडं धरलं होतं. असलं भांडं आजवर कुणी घडवलं नाही आणि कुणी दान दिलं नाही.

यात्रेच्या आदल्या दिवशी सकाळी सातला आम्ही लागलो. कुंभारवाड्यातल्या चार बायका आणि पुतळाकाकी जाधव मदतीला होत्या. काकी म्हणजे आत्याबाईंची जुनी मैत्रीण, जीभ चालवल्याशिवाय हात न चालणारी. मी दारात उभी राहून नावं पुकारत होते. “निकम! साळुंखे! जाधव! शिंदे, पाटाकडचे!” बायका ती ती भांडी आत देत होत्या, आत्याबाई मी दाखवीन तिथं ठेवत होत्या. हंडा ठेवला की त्याच्या शेजारी परात, परातीशेजारी बादली, बादलीशेजारी घागर. हंड्या-घागरींच्या पोटांनी मधे हातभर पोकळ्या पडत होत्या. झारे फळीवरून घरंगळून खाली येत होते.

साडेअकराला तिन्ही भिंती भरल्या. मी बाहेर येऊन मोजलं. एकशे चव्वेचाळीस भांडी अजून फरसबंदीवर होती.

मी पुन्हा मोजलं. भांडी मोजून कमी होत नाहीत.

“शैले,” पुतळाकाकी म्हणाल्या, “ही भायेरची काय भैरोबाच्या डोक्यावर ठिवायची?”

“एकात एक घालूया ना,” मी म्हटलं. “निकमांच्या मोठ्या पातेल्यात साळुंख्यांचं लहान पातेलं सहज जाईल.”

काकींनी हातातली परात खाली ठेवली. “घाल की. पर आदी मला घरला जाऊ दे.”

त्यांचं म्हणणं मला दहाच मिनिटांत कळलं. देवळात पालखीच्या तयारीला आलेले दिनकर साळुंखे सहज म्हणून खोलीत डोकावले, आणि आपल्या आजोबांच्या नावाचं पातेलं निकमांच्या पातेल्यातून नुसता काठ वर काढून बसलेलं त्यांनी पाहिलं. निकम आणि साळुंखे या दोन घरांचं पालखीच्या पुढच्या खांद्यावरून तीन पिढ्यांचं वाकडं.

“हे कुणी केलं?” दिनकररावांचा आवाज देवळाच्या कळसापर्यंत गेला. “आमचा आजा निकमांच्या पोटात? गावजेवणाला आमच्या पातेल्यात भात शिजत होता, तवा ह्यांच्यात आमटीसुदिक नव्हती!”

“दिनकरराव, जागा पुरेना म्हणून...” मी म्हटलं.

“जागा पुरेना तर त्यांचं घाला आमच्यात!”

“ते मोठं आहे. जाणार कसं?”

“मग तापवा, ठोका, काय करायचं ते करा. आम्हाला काय सांगता!”

त्यांचं ऐकून शिंदे आले. शिंद्यांचं ऐकून मोहिते. दुसऱ्याचं भांडं आपल्यात घालायला कुणाचीच हरकत नव्हती. हरकत फक्त उलट बाजूनं होती. साऱ्यांच्या डोक्यात एकच चित्र होतं: आत गेलं ते गिळलं गेलं. एवढी माणसं एकाच वेळी एकाच मताची मी त्या गावात पुन्हा पाहिली नाहीत.

दीडच्या सुमाराला रावसाहेब निकम आले. खांद्यावर उपरणं, मागं ट्रस्टचे दोघं. त्यांनी खोली पाहिली, फरसबंदी पाहिली, भांडणारी चार घरं पाहिली.

“चारला पाहुणे येणार,” ते म्हणाले. “ही मांडणी कुणाची?”

तोंडातली लाळ गिळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ मी गप्प होते, पण तेवढ्यात आत्याबाई पुढं झाल्या.

“माजी,” त्या म्हणाल्या.

“तुमची?”

“व्हय. पोरगी सांगत हुती नावं. मीच माज्या डोक्यानं ठिवत गेले. मला काय वाचता येतंय? चुकलं.”

रावसाहेबांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचा भाव आला. तो मी वाचला, कारण माणसं वाचायला मला कधी शाळा लागली नाही. त्यांनी निवडलेली सून बरोबर ठरली होती, आणि जिच्याकडून किल्ली काढून घ्यायची तिनंच कारण हातात आणून दिलं होतं. “वाटलंच मला,” ते म्हणाले. “अहो चंपाक्का, आता वय झालं. म्हणूनच मी म्हणत होतो, शिकलेल्या माणसाकडं...”

आत्याबाई खाली बघत होत्या. कमरेच्या किल्लीवर त्यांची बोटं होती. सोडत नव्हत्या, आवळतही नव्हत्या. नुसती होती.

मी काही थोर मनाची नव्हते. त्या घडीला मला दोन रकाने स्पष्ट दिसले. एकात किल्ली, खण-नारळ, गावातला मान, आणि एक अक्षर न बोलता हे सगळं माझं. दुसऱ्यात फक्त ती बोटं.

“रावसाहेब, मांडणी माझी आहे,” मी म्हटलं. “आत्याबाई आधीच मावणार नाहीत म्हणाल्या होत्या.”

रावसाहेब हसले. “सूनबाई, सासूची बाजू सांभाळताय. चांगला गुण आहे.”

“सांभाळत नाही. खरं सांगते.”

“असू दे, असू दे.” मागचे दोघंही कौतुकानं मान हलवायला लागले. शिंद्यांची म्हातारी म्हणाली, “पोरगी गुनाची हाय हो!” खरं बोलून चांगुलपणाचं सर्टिफिकेट मिळण्याची ही माझी पहिली वेळ. मला रडू यायला लागलं, आणि त्याहून जास्त राग.

मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. “हे बघा. चौतीस फूट, एकशे छत्तीस फूट, फुटाला तीन भांडी. अक्षर कुणाचं आहे? फळीवरच्या पट्ट्या कुणाच्या अक्षरातल्या आहेत? आत्याबाईंना वाचता येत नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. ज्यांना वाचता येत नाही, त्या सदतीस नावांनी भांडी लावतील कशी?”

पुतळाकाकी खो खो हसल्या. “आता बोला, रावसाब!”

रावसाहेबांनी फळीवरच्या पट्ट्यांकडं एकदा बघून घेतलं. नावाप्रमाणं लावा ही कल्पना मुळात कुणाची होती, ते मी सांगितलं नाही. ती अर्धी गोष्ट मी पोटात ठेवली, आणि ती मी ठेवलीय हे त्यांना कळलं. अशा ठेवी पुढं फार उपयोगी पडतात.

“मग चारला मी काय करू?” त्यांनी विचारलं. “ही भांडी अशीच बाहेर राहिली, तर कराडच्या मंडपवाल्याला बोलावतो. त्याचा माणूस ठेवतो. तुम्हा दोघींनाही त्रास नको.”

म्हणजे आता प्रश्न तिची की माझी असा उरला नव्हता. किल्ली आमच्या घरातूनच जायची होती.

आत्याबाईंनी पदर खोचला. “किती वाजलं?”

“पावणेदोन.”

“समदं भायेर काडा,” त्या म्हणाल्या.

पुढचे दोन तास मी जे पाहिलं, ते मी नंतर पुष्कळांना सांगितलं, पण सांगून कुणाला नीट दिसलं असं वाटत नाही. बायका आता नावं पुकारत नव्हत्या. “सरळ!” “बसकं!” “निमुळतं, मोठं!” अशा आरोळ्या फरसबंदीवरून येत होत्या आणि आत्याबाई ते भांडं न बघताच हात पुढं करत होत्या. सरळ भांडी त्यांनी कोपऱ्यांत घातली, मोठ्यात मधलं, मधल्यात लहान. निमुळत्यांच्या उभ्या राशी केल्या. बसक्यांना भिंतीशी उभं केलं, वहीच्या पानांसारखं. आणि पोटाळी? हंडे-घागरी त्यांनी जमिनीवर लावल्या: एक उभी, तिच्याशेजारी एक उपडी, पुन्हा एक उभी. एकीचं पोट जिथं बाहेर येतं तिथं दुसरीचा गळा आत जातो. हातभर पोकळ्या होत्या तिथं चार बोटं उरली, आणि त्या चार बोटांत त्यांनी झारे, उलथनी, लाटणी उभी खोवली.

“हे कुठं शिकलात?” मी विचारलं.

“आवा लावताना,” त्या म्हणाल्या. आवा म्हणजे मडकी भाजायची रास. “तीनशे मडकी, एवड्याशा खड्ड्यात. येकाला येक लागली तर चीर पडती, लांब ऱ्हायली तर जाळ फुकट जातोय. माज्या सासूनं मला नऊ सालं नुसतं लावायला शिकीवलं. त्या पातेल्याचं बूड हिकडं कर.”

“तुम्ही अंगावर का घेतलंत मघाशी?”

“बूड हिकडं कर म्हनते न्हवं?”

इतक्यात दारात दिनकर साळुंखे येऊन उभे. त्यांचं पातेलं पुन्हा निकमांच्यात चाललं होतं, कारण आकारानं ते तिथंच बसत होतं. रावसाहेबही मागं होतेच, ओट्यावर ठाण मांडून.

“चंपाक्का,” दिनकरराव म्हणाले, “तुम्हीसुद्धा?”

आत्याबाईंनी काम थांबवलं नाही. “दिनकरराव, घरातलं सोनं कुटं ठिवता? दारात टांगता?”

“टांगतोय कशाला? डब्यात.”

“डबा?”

“ट्रंकेत.”

“मग मोलाचं कुटं असतंय, आत का भायेर?” त्यांनी पातेलं अलगद आत सोडलं. ते बसलं तेव्हा आवाजही झाला नाही. “तुमच्या आज्याचं भांडं जपून आत ठिवलंय. त्येला पोचा यायचा न्हाई.”

दिनकरराव विचारात पडले. ओट्यावरून रावसाहेब म्हणाले, “म्हणजे आम्ही ट्रंक काय, चंपाक्का?”

“तुमी भायेर,” त्या म्हणाल्या. “आल्यागेल्यानं नाव वाचायचं त्ये तुमचंच की.”

रावसाहेबांनी उपरणं नीट केलं. दिनकरराव देवळाकडं निघून गेले. दोघंही आपण जिंकलो या समजुतीत होते, आणि दोघांनाही शेवटपर्यंत कुणी दुरुस्त केलं नाही.

पण सदतीस घरांना सदतीस वेळा हे सांगायला वेळ नव्हता. आत्याबाईंनी मला हाक मारली. “शैले, तुजी वही आन.”

“वही कशाला आता?”

“ही दोन पातेली एका मापाची. ह्ये बारकं दोन्हीत बी जातंय. भांड्याला काय बी चालतंय, मानसांचं तू सांग. कुटल्यात घालू?”

मी नावं वाचली. बारकं जाधवांचं. मोठी दोन, एक मोहित्यांचं, एक शिंद्यांचं. जाधवांचा आणि मोहित्यांचा बांधावरून दावा चालू होता. शिंद्यांच्या घरी जाधवांची थोरली लेक दिलेली.

“शिंद्यांच्यात,” मी म्हटलं. “लेक नांदतेय तिथं. पातेलंही नांदेल.”

आत्याबाई पहिल्यांदा हसल्या. तिथून मला काम सापडलं. त्या आकार सांगायच्या, मी घर सांगायचे. व्याही व्याह्यात. मामा भाच्यात. भाऊबंद एकाच राशीत, पण मधे एखादं तिऱ्हाईत. चौदा महिन्यांत या गावातलं कुणाचं कुणाशी किती पटतं ते मी बसल्या बसल्या टिपत आले होते, उगाच, सवयीनं. त्या दुपारी ते पहिल्यांदा कुणाच्या कामी आलं. आणि जाता जाता मी प्रत्येक भांड्यापुढं आत्याबाईंचं घराणं, रास आणि आतून कितवं, हे लिहीत गेले.

चारला दहा मिनिटं कमी असताना शेवटची झाकणी भिंतीशी टेकली. फरसबंदी मोकळी. खोलीत चारशे बारा भांडी, आणि मधोमध दोन बायका ऐसपैस उभ्या राहतील एवढी जमीन रिकामी.

पाहुणे आले. खोली बघून “वा वा” झालं. त्यांच्यातल्या एक पुण्याच्या बाई, डोळ्यांवर काळा चष्मा, म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी पातेलं दिलं होतं. विष्णुपंत गोडसे. नाव कुठं दिसत नाही ते?”

रावसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. ट्रस्टच्या दोघांनीही. मी वहीत बोट फिरवलं आणि म्हटलं, “सरळ. डावीकडची दुसरी रास. आतून तिसरं.”

आत्याबाईंना नाव वाचता येत नव्हतं. त्या राशीपाशी गेल्या, वरची दोन भांडी उचलून एका हातावर तोलली, दुसरा हात आत घातला आणि पातेलं बाहेर काढलं. रास हललीसुद्धा नाही. बाईंनी चष्मा वर करून काठावरचं नाव वाचलं आणि त्यावरून बोट फिरवलं. मग त्या पातेल्याकडं न बघता आमच्या दोघींकडं बघायला लागल्या.

खोली दाखवून झाल्यावर आत्याबाईंनी रीतीप्रमाणं कमरेची किल्ली काढून रावसाहेबांच्या हातात दिली. ते पाहुण्यांसमोर चार शब्द बोलले, नवी खोली, नवी व्यवस्था, आणि शब्द दिला होता म्हणून किल्ली माझ्यापुढं धरली.

मी हात मागं घेतले. “ज्यांनी लावलं त्यांना द्या. मला अजून पोटाळं कुठलं आणि सरळ कुठलं, तेही वहीत वाचावं लागतं.”

आत्याबाईंनी किल्ली घेतली आणि कमरेला खोचली, रोज सकाळी खोचायच्या तशीच. आभार नाहीत, डोळ्यांत पाणी नाही. “चल,” म्हणाल्या, “हात धुऊ. राक लागलीय.”

देवळाच्या हौदावर त्या कोपरापर्यंत हात घासत होत्या तेव्हा मी पुन्हा विचारलं. या वेळी हाताशी दुसरं भांडं नव्हतं, म्हणून त्यांना उत्तर द्यावं लागलं.

“माजं नाव गावाला पाठ हाय,” त्या म्हणाल्या. “चंपी चुकली म्हनतील, उद्या इसरतील. तुजं नाव ह्या गावानं अजून घ्येतलंच न्हवतं. पयल्यांदा घ्यायचं त्ये चुकली म्हनून घ्यायचं व्हय?”

“आणि किल्ली? रावसाहेबांनी मला काय सांगितलं होतं ते तुम्हाला ठाऊक होतं?”

“आट दिस तू माज्याकडं बगून जेवत न्हवतीस. तवाच कळलं.”

त्यांनी ओले हात झटकले, थोडं पाणी माझ्या तोंडावर उडालं. ते मुद्दाम होतं की काय, ते मला अजून कळलेलं नाही.

यात्रेनंतर पंधरा दिवसांनी जाधवांच्या धाकट्याचं लग्न निघालं. पुतळाकाकी रीतीप्रमाणं आमच्या दारात आल्या. आत्याबाईंना कुंकू लावलं, खण-नारळ पुढं केला.

आत्याबाईंनी तो घेतला नाही. “दोन लागतील,” त्या म्हणाल्या.

“दोन?” काकी म्हणाल्या. “किल्ली तर एकच हाय न्हवं?”

“किल्ली एक. पर तुमचं पातेलं शिंद्यांच्यात हाय ह्ये मला कुटं ठावं? मला नाव वाचता येत न्हाई. तिला इचारल्याबगर भांडं भायेर यायचं न्हाई.”

काकींनी एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. “लई शेफारल्यात सासू-सुना,” त्या म्हणाल्या, आणि उन्हातल्या चढावरून तशाच माघारी गेल्या.

अर्ध्या तासानं त्या धापा टाकत परत आल्या. हातात दुसरा नारळ आणि दुसरा खण. आत्याबाईंनी दोन्ही खण मांडीवर घेतले, घड्या उलगडल्या, एकावर एक धरून काठ मापले, आणि दोहोंतला रुंद काठाचा खण माझ्या ओटीत घातला.